क्रूझवर सूट घ्यावा की साधी खोली? दाजींच्या फोनला दिलेलं लांबलचक उत्तर

गेल्या महिन्यात लातूरहून दाजींचा फोन आला. ताईच्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत, सगळ्यांनी मिळून मुंबई-गोवा क्रूझ करायचं ठरलंय, माणसं आठ. "एजंट म्हणतोय, थोडेच पैसे वाढवा आन् सगळ्यांनाच सूट, म्हंजे बाल्कनीवाल्या मोठ्या खोल्या, घ्या. काय करावं?"

मला विचारायचं कारण एवढंच, की आमच्या गोतावळ्यात जहाजावर दोनदा झोपलेला मी एकटा. पहिल्यांदा हेच मुंबई-गोवा, पदरच्या पैशाने, सगळ्यात स्वस्त इंटिरिअर खोलीत. दुसऱ्यांदा सिंगापूरहून तीन रात्री, बाल्कनीवाल्या सूटमध्ये, तोही फुकट. माझं कृषी सेवा केंद्र आहे. टार्गेट पुरं केलं की कंपन्या दुकानदारांना सहली देतात, त्यातली ती एक. सूटचे पैसे खिशातून गेलेले नसल्यामुळे त्याची उगाच तारीफ करायची मला गरज नाही.

आधी इंटिरिअर. खिडकी नाही. दिवा घालवला की धान्याच्या बळदातल्यासारखा अंधार. पहिल्या सकाळी जाग आली तेव्हा पहाटेचे चार असतील म्हणून मी कूस बदलली. घड्याळ पाहिलं तर पावणेदहा. जहाज कधीच मुरगाव बंदराला लागलेलं, निम्मी जनता गोवा बघायला उतरलेली. एकाने बॅग उघडली की दुसऱ्याने पलंगावर पाय वर घेऊन बसायचं, एवढीच जागा. पण त्यालाही कारण आहे. आमचं जहाज, कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस', १९९० साली फ्रान्समध्ये बांधलं गेलं, तेव्हाचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस', आणि ते मुळातच तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी आखलेलं. माणूस खोलीत झोपण्यापुरताच येणार हे धरून खोल्या लहान ठेवल्या. बाल्कनीच्या खोल्याही मोजक्याच.

हा हिशेब मी दाजींना फोनवरच मांडला. दोन रात्रींची सफर म्हणजे चढल्यापासून उतरेपर्यंत साधारण चाळीस तास. त्यात दोन रात्रींची झोप, गोव्यातला दिवस, चार जेवणं, नाटक-गाणी, पोरांचा पोहण्याचा तलाव. उजेडात, जागेपणी बाल्कनीत बसायला फार तर पाच तास उरतात. समजा सूटसाठी माणशी दहा हजार वाढले, तर जोडप्याचे वीस. म्हणजे बाल्कनीतल्या दोन खुर्च्यांचं भाडं तासाला चार हजार रुपये. तुमच्या एजंटाचा खरा फरक टाकून हेच गणित करा. रक्कम बदलेल, तास बदलणार नाहीत.

दाजींनी लगेच रेल्वेचा दाखला दिला. "मग तू फर्स्ट एसीनं कशाला जातोस? पोचतं तर जनरलवालंबी तेव्हाच." दाखला बरा आहे, पण लागू पडत नाही. लातूर एक्स्प्रेसमध्ये रात्रभर बर्थ हेच आपलं घर, अंगण, सगळं. जहाजात खोली सोडून बाकी अख्खं गाव फिरायला मोकळं असतं. मुख्य जेवणघर तेच, डेक तोच, वारा तोच. इंटिरिअरवाल्याने सूर्यास्ताला वरच्या डेकवर खुर्ची धरली तर त्याला कोणी उठवत नाही.

आता सूट. खोटं कशाला बोलू, पहिला तासभर मी नुसता दारं उघडून बघत होतो. बसायला वेगळा कोच, दोन आरसे, आणि बाथरूममध्ये टब. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात घागरी मोजून आंघोळ केलेल्या माणसाला टब दिला तर तो काय करणार? मी अर्धा भरला, जरा वेळ बघितला, आणि बाजूच्या फवाऱ्याखाली आंघोळ केली. पुढे कळलं की समुद्राचंच पाणी जहाजावर गोडं करतात, इंजिनाच्या उष्णतेवर वाफ करून किंवा दाबाने बारीक पडद्यातून गाळून. तेव्हा टब भरला असता तरी पाप लागलं नसतं. ते राहूनच गेलं.

पण तीन रात्रींत मला खरा फरक जाणवला तो खोलीचा नाही, गर्दीचा. चढताना वेगळी रांग, उतरताना वेगळी, काही अडलं तर नावानिशी ओळखणारा माणूस. मोठ्या परदेशी जहाजांवर हे फार पुढे गेलंय. एमएससी कंपनीच्या जहाजांवर 'यॉट क्लब', नॉर्वेजियन कंपनीच्या जहाजांवर 'द हेवन', सिंगापूरहून सुटणाऱ्या 'गेंटिंग ड्रीम'वर 'द पॅलेस', ही सगळी सूटवाल्यांसाठी जहाजाच्या पोटात बसवलेली वेगळी जहाजंच, स्वतःच्या जेवणघरासकट. चार-पाच हजार माणसांच्या जहाजावर, ज्या दिवशी बंदर लागत नाही आणि सगळेच वर असतात, त्या दिवशी या शांततेला किंमत आहे. सात रात्रींची सफर असती तर मी दाजींना वेगळा सल्ला दिला असता. दोन रात्रींच्या सफरीत गर्दीचा कंटाळा यायच्या आत मुंबई येते.

सूटबद्दल एजंट सांगत नाहीत अशाही गोष्टी आहेत. सूट बहुधा वरच्या मजल्यांवर असतात, आणि जहाज जितकं वर आणि जितकं टोकाला, तितकं जास्त हलतं. मळमळणाऱ्याने खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यात झोपावं. माझा सूट नेमका तलावाच्या डेकखाली होता. पहाटे डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा असा आवाज, जणू वरच्या माळ्यावर कोणी पत्रे सरकवतंय. म्हणून नुसता 'सूट' शब्द ऐकून पैसे भरू नयेत. डेकचा नकाशा मागून वर-खाली काय आहे ते बघावं. बाजूही बघावी. मुंबईहून दक्षिणेला जाताना सूर्यास्त उजव्या बाजूला, किनाऱ्याचे दिवे डाव्या बाजूला, परतताना उलट.

काही कंपन्या प्रवासाआधी अपग्रेडसाठी, म्हणजे वरच्या दर्जाच्या खोलीसाठी, बोली लावू देतात. रॉयल कॅरिबियनची तसली योजना आहे. पण बोली माणशी असते हे विसरून लोक खोलीचा आकडा समजून टाकतात, आणि बोली लागली तर खोली कुठली मिळेल हे आपल्या हातात राहत नाही. बाजारात भाव बघायच्या आधी माल उतरवल्यासारखंच ते.

आता आपल्याकडच्या माणसाची एक वेगळी अडचण. लातूर एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते. जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, तिथून जेमतेम दीड किलोमीटर, पण चढणं दुपारी. मधल्या वेळात ७५ वर्षांचे सासरे आणि गुडघे धरून चालणाऱ्या सासूबाई सामानासकट बसणार कुठे? वेगळ्या रांगेचा सूट इथे कामाचा नाही, कारण खोल्या झाडूनपुसून हाती येईपर्यंत सूटवालाही खाली ताटकळतो. त्यापेक्षा स्टेशनजवळ अर्ध्या दिवसासाठी दोन खोल्या घ्या, आंघोळी उरका, पाठ टेका. सूटच्या फरकातला छोटा तुकडा एवढ्याला पुरतो, आणि म्हातारी माणसं जहाजावर ताजीतवानी चढतात.

म्हणून दाजींना सांगितलं ते असं: सूट किंवा मिनी सूट एकच घ्या, सासू-सासऱ्यांसाठी. लिफ्टजवळ, जमलं तर मध्यात. त्या दोघांना डेकवर गाण्यांच्या दणदणाटात बसवणार नाही, ती खोलीतच बसणार. बाल्कनीचे पाच तास त्यांच्याकडे दहा होतात. शिवाय सगळ्यांनी संध्याकाळी गोळा व्हायला, पत्ते टाकायला ती खोली ओसरीसारखी वापरता येते. बाकीच्यांनी इंटिरिअर. पोरांना अंधाराचं काय, त्यांना रात्री दोनला यायचंय. ताईला खिडकी हवीच असेल तर तेवढ्या एका खोलीला ओशन व्ह्यू. काच उघडत नाही, पण सकाळ झालेली कळते.

दाजी म्हणाले, "आन् लोक विचारतील, सूट घेतला का, तर?"

"घेतला म्हणा. खोटं नाही."

परवा बुकिंग झालं. ताईच्या सासूबाई आत्तापासून दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीचा बेत आखतायत. घरचं शिजवलेलं तपासणीपाशीच बाजूला काढतात, सूटवाल्याचंही. हे त्यांना सांगायचं काम दाजींनी माझ्यावर टाकलंय, आणि मी अजून फोन केलेला नाही.