फॅमिली फोटो काढायचाय? आधी आजीचं लुगडं बघा

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या एका स्टुडिओकडून फॅमिली शूट करून घेतलं, बरेच जण विचारताहेत म्हणून सविस्तर लिहिते. फोटो मस्त आलेत, पण मला सगळ्यात जास्त आवडलं ते त्यांनी शूटच्या आधी कपड्यांसाठी दिलेला वेळ. बाकी ठिकाणी तारीख घेतात, अॅडव्हान्स घेतात आणि छान कपडे घालून या म्हणतात, संपलं.

आखाजीला आमच्याकडे सगळ्या लेकी माहेरी येतात, आत्या, नणंदा, त्यांची पोरं, पुण्याचे दीर-जाऊबाई, त्यामुळे घरातले सगळ्यात मोठे, आबा-जिजी, यांच्यासोबत चार पिढ्या एका फोटोत यायला वर्षातून हाच मुहूर्त. ग्रुपवर आधीपासूनच चर्चा पेटलेली. नणंदबाईंनी ऑनलाईन एक फॅमिली कॉम्बो काढला होता, सगळ्यांना एकच पिवळी प्रिंट, बायकांना कुर्ती आणि पुरुषांना शर्ट. आणि जिजींचं आपलं एकच, "माले नवं लुगडं नको, हाई शे ते चांगलं शे."

स्टुडिओवाल्या दादांनी फोनवर हे ऐकलं आणि म्हणाले मग आपण जिजींपासूनच सुरू करू, त्या लुगड्याचा उजेडात एक फोटो पाठवा. विटकरी रंगाचं लुगडं, मोरपंखी काठ. त्यांनी त्यातूनच रंग काढून दिले, विटकरी, मोरपंखी, हळदीचा पिवळा आणि मोतिया, म्हणाले या चारांत ज्याला जे शोभेल ते घाला पण शेजारी शेजारी उभे राहणारे दोघं एकाच रंगात नको. मला हे शंभर टक्के पटलं. एकाच प्रिंटमध्ये वीस माणसं उभी केली की बँडपथक वाटतं, माणसं दिसतच नाहीत, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला त्याच्या रोजच्या वेशात ठेवून बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं हेच बरोबर आहे असं माझं ठाम मत झालंय.

मग त्यांनी सांगितलं की सगळ्यांचे कपडे एका गादीवर खिडकीपाशी मांडा, मोबाईलवर फोटो काढा आणि तोच फोटो ब्लॅक अँड व्हाईट करून बघा. सगळं एकसारखं करडं दिसलं तर दोन-तीन जणांना फिकट किंवा गडद घालायला द्या. आमच्यात दीर आणि नवरा दोघांचे कुर्ते एकदम सारखे दिसत होते, मग दीरांना मोतिया दिला. बारीक चौकडीचे शर्ट त्यांनी सरळ बाद केले कारण कॅमेऱ्यात त्याच्यावर लहरी लहरी पडतात. निऑन रंगाचा फ्रॉकही बाद, त्याची झाक हनुवटीवर येते म्हणे आणि खरंच येते, आम्ही करून बघितलं. जाऊबाईंची पोपटी साडी पण गेली, कारण फोटो केळीच्या बागेपाशी काढायचा होता आणि हिरव्यात हिरवं हरवतं. त्यांना मग हळदी कॉटनची साडी दिली आणि मोरपंखी ब्लाऊजपीस जळगावला फुले मार्केटमधून आणलं.

केळीचं तर त्यांनी फार नीट समजावलं. बागेच्या आत जायचं नाही, पानांतून उजेड हिरवा होऊन येतो आणि तोंडं आजारी माणसासारखी दिसतात, शिवाय पान किंवा खोड कुठे कापलेलं असलं की त्याचा चीक कपड्याला लागतो आणि तो डाग वाळला की काळपट पडतो, जन्मात निघत नाही. शेतकऱ्याच्या घरात हे सगळ्यांना माहीत असतं, पण फोटोच्या गडबडीत पैठणी नेसलेल्या पाहुणीला कोण सांगणार? म्हणून सगळ्यांना बांधावर उभं केलं आणि बाग मागे ठेवली.

वेळ पहाटेची. आखाजीच्या दिवसांत आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि साडेसातनंतर सगळ्यांचे डोळे बारीक होतात. त्यामुळे पोरांना मखमली शेरवानी वगैरे अजिबात नाही, मलमलचे कुर्ते, आणि तेही बांधावर पोचल्यावरच घालायचे. आमरसाच्या दिवसांत पोरांचे कपडे घरून निघेपर्यंत टिकत नाहीत. नानांचा चष्मा उन्हात काळा होणारा आहे, दादांनी आदल्या दिवशीच आठवण केली की जुना साधा चष्मा सोबत घ्या. आबांचं धोतर-टोपी पांढरंफेक, त्यावर ऊन पडलं की कपड्याच्या चुण्या उडून नुसता पांढरा ठिपका राहतो, म्हणून आबांना कडुलिंबाच्या सावलीत खुर्ची दिली आणि बाकी सगळे त्यांच्याभोवती. खिशातले मोबाईल, किल्ल्या सगळ्यांच्या काढून घेतल्या.

आता तक्रार. एडिटिंगमध्ये त्यांनी सगळ्यांना गोरं केलं आणि जिजींच्या कपाळावरचं आणि हातावरचं गोंदण पुसून टाकलं. डाग समजून काढलं असणार, पण मला ते बघून पोटात कालवलं. ते गोंदण त्यांच्या आईने लग्नाआधी करून घेतलेलं आहे, आम्ही जिजींना त्याच्याशिवाय कधी बघितलेलंच नाही. फोन केला तर दादांनी काही कुरकुर न करता मूळ फोटोवरून परत काम केलं, सुरकुत्या, गोंदण, रंग सगळं आहे तसं, जास्तीचे पैसे घेतले नाहीत. तरी तुम्ही आधीच सांगून ठेवा की चेहऱ्याला हात लावायचा नाही. अल्बमलाही उशीर झाला, लग्नसराई होती, समजू शकते पण दोनदा विचारावं लागलं.

पॅकेज ७५०० चं, त्यात ४० एडिट केलेले फोटो आणि १२ बाय १८ ची एक फ्रेम. रील हवी असेल तर वेगळे पैसे, आम्ही घेतली नाही. आखाजीला करायचं असेल तर होळी झाली की तारीख धरा, नंतर सगळे कॅमेरेवाले लग्नांमध्ये अडकलेले असतात, आणि फोन करतानाच घरातल्या आजीच्या लुगड्याचा फोटो तयार ठेवा, पहिला प्रश्न तोच येतो.