ज्यू परंपरेतील देहविचार: ठाण्यातील एका व्याख्यानाविषयी

टेंभी नाक्याजवळचे 1879 सालचे ‘शाआर हाशामाइम’ सिनेगॉग ठाणेकरांच्या नित्याच्या पाहण्यातले असले, तरी तिथे प्रार्थना करणारा समाज मानवी देहाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे मराठीतून सांगणारे कोणी सहसा भेटत नाही. नौपाड्यातील एका लहान सभागृहात रविवारी सकाळी झालेले सशुल्क व्याख्यान त्यामुळेच आवर्जून ऐकण्याजोगे होते.

वक्त्यांनी आरंभ तालमूद या ज्यू धर्मग्रंथातील रब्बी (धर्मगुरू) सिमलाई यांच्या वचनापासून केला: एकूण 613 आज्ञांपैकी 248 विधायक आज्ञा माणसाच्या अवयवांइतक्या, तर 365 निषेध सौरवर्षातील दिवसांइतके. व्याख्यानाचा कळस मात्र तेफिलीनच्या, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी अंगावर बांधायच्या धर्मवचनांच्या डब्यांच्या, प्रात्यक्षिकात होता. चामड्याची काळी डबी डाव्या दंडावर हृदयाकडे किंचित कलती बांधून पट्ट्याचे सात वेढे हाताला दिले गेले, मग दुसरी डबी कपाळाच्या वर केसांच्या रेषेशी बसवली गेली, आणि अखेरीस पट्टा मधल्या बोटाभोवती आला. हृदय, बुद्धी आणि कृती एकाच आज्ञेला बांधून घेण्याची कल्पना तेव्हा वेगळी समजावून सांगावी लागली नाही. शौचानंतर म्हणायच्या ‘अशेर यात्झार’ प्रार्थनेवरील विवेचनही तितकेच सरस होते. शरीरातील छिद्रे व पोकळ्या नीट चालतात म्हणून ईश्वराचे आभार मानणारी ही प्रार्थना ऐकून सभागृहात आधी खसखस पिकली आणि मग सगळे गंभीर झाले.

कब्बालाचा, म्हणजे ज्यू गूढविचाराचा, भाग मात्र उरकल्यासारखा वाटला. दहा सेफिरोत, म्हणजे ईश्वरी शक्तीची दहा रूपे, मानवाकृतीवर मांडताना उजवा हात दयेचा आणि डावा कठोर न्यायाचा, एवढे सांगून वक्ते श्रोत्यांच्या आग्रहाखातर षट्चक्रांच्या तुलनेकडे वळले, आणि ती तुलना वरवरचीच राहिली. त्यापेक्षा ईश्वराला देह नाही असे ठामपणे मांडणाऱ्या मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांचा उल्लेख हवा होता, कारण ‘ईश्वराचा हात’ यांसारखे शब्दप्रयोग रूपक म्हणून वाचण्याची परंपरा समजल्याशिवाय या आकृतीचा अर्थ चुकीचा लागण्याचा संभव असतो.

पडद्यावरील मजकूर केवळ इंग्रजी आणि हिब्रूत होता, हेही खटकले. तरीही शुल्क माफक आणि भाषा सुबोध असल्याने धर्मविचारांत रस असणाऱ्यांनी पुढील सत्राला जरूर जावे; तेफिलीन जवळून पाहायचे असल्यास पुढची रांग गाठावी.