काळी कौलं, हायपो आणि फवारणी पंपाचा तो ट्रिगर : पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

पंप कसा असतो ते सांगत बसत नाही, तोच आपला १६ लिटरवाला, १२ व्होल्टची बॅटरी, पाठीवर अडकवायचा. मार्चमध्ये पनवेलच्या एका कृषी केंद्रातून अडीच हजाराला आणला, घराची कौलं धुवायला. परवा ट्रिगर, म्हणजे फवारा सोडायची दाबायची मूठ, गेला म्हणून सर्व्हिसला फोन केला तर पलीकडचा म्हणतो, "साहेब, केमिकल मारलंय, वॉरंटीत बसत नाही." अरे, फवारणी पंपातून केमिकल नाही मारायचं तर काय पन्हं मारायचं?

घर नवी मुंबईत, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी आखलेली वसाहत, दोन घरांची भिंत सामाईक नाही, ज्याला जमेल तसं त्याने वाढवावं ही मूळ कल्पना, त्यामुळे गल्लीत बऱ्याच जणांनी स्लॅब टाकले पण आमच्याकडे अजून मंगलोरी कौलं आहेत. मागे पारसिकचा डोंगर, वर आंब्याची सावली, आणि पाऊस तर तुम्हाला माहितीये. उत्तरेकडचा उतार कोळशासारखा झाला होता. हा काळेपणा धुरामातीचा नसतो, शेवाळाचा असतो, म्हणून नुसतं पाणी मारून किंवा घासून गेला तरी पुढच्या पावसात परत हजर.

कॉन्ट्रॅक्टर दोन बघितले. एक म्हणाला जेट, म्हणजे मशीनने जोराच्या दाबाचं पाणी मारतो, २८ हजार. त्याची पोरं स्लीपर घालून, दोरी नाही काही नाही, तशीच कौलांवर चढणार होती. शिवाय जेटने कौलाची वरची साल निघते, कौल जास्त पाणी पितं आणि शेवाळ आणखी जोरात धरतं, आणि खालून वर फवारा मारला की पाणी कौलांच्या जोडातून आत. शेजाऱ्यांच्या फॉल्स सीलिंगचं प्लाय असंच फुगलं. दुसरा म्हणाला ॲसिड मारू. आढ्याच्या कौलांचं सिमेंट त्याने खाल्लं तर ते कोण भरून देणार?

मग हायपो. सोडियम हायपोक्लोराइट, कोविडमध्ये सोसायटीच्या गेटवर मारायचे तेच, फक्त तेव्हा १ टक्का असायचं. स्विमिंग पूलचं केमिकल विकणाऱ्याकडे कॅनमध्ये १० टक्क्यांचं मिळतं, पण ताजं बघून घ्या, उन्हात पडलेल्या कॅनचा जोर उतरलेला असतो. मी एकाला तीन पाणी घातलं, म्हणजे अडीच टक्के झालं. ढगाळ सकाळ बघून मारायचं, १५-२० मिनिटं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, मग साध्या पाइपने वरून खाली धुवायचं. खालच्या कुंड्या आणि तुळस आधी भिजवायची, नंतर परत धुवायची, आणि पागोळ्यांचं पाणी टाकीत घेत असाल तर ती नळी आधी काढून ठेवा. ह्यात बाथरूमचं ॲसिड किंवा अमोनियावालं काहीही मिसळू नका. ॲसिड पडलं की क्लोरीन वायू निघतो, तो जिवाला लागतो. गॉगल, रबरी हातमोजे आणि टाकायच्या लायकीचे कपडे, कारण माझी चांगली पँट कायमची ठिपकेदार झालीये.

कौलांवर मी चढलोच नाही. ओलं शेवाळ आणि कौल, पाय ठेवला की एकतर तुम्ही सरकता नाहीतर कौल फुटतं. भरलेला पंप २० किलोच्या वर जातो, तो पाठीवर घेऊन शिडी चढणं म्हणजे वेडेपणा. पंप खाली ठेवला, लांब नळी जोडली, लान्स, म्हणजे टोकाला नोझल असलेली फवाऱ्याची दांडी, रंगाऱ्याच्या लांबणाऱ्या काठीला बांधला. शिडीचा पाया दर चार फूट उंचीला भिंतीपासून एक फूट लांब, वरचं टोक पागोळीच्या तीन फूट वर, आणि खाली मेव्हणा धरायला. गल्लीतल्या एका काकांनी पंप मागितला, त्यांच्याकडे जुने सिमेंटचे पत्रे आहेत, ॲस्बेस्टॉसवाले. म्हटलं काका, त्यावर चढूही नका आणि जेटही मारू नका, पत्रा मोडतो आणि तंतू उडतात ते वेगळेच.

पहिल्या दिवशी पैसे पाण्यात गेले असं वाटलं. काळं पंधरा मिनिटांत तपकिरी होऊन उतरलं, पण पांढरट गोल ठिपके, ते दगडफुलासारखे, जागचे हलले नाहीत. जूनच्या पावसात ते पापुद्रे होऊन आपोआप सुटले आणि ऑगस्टमध्ये उत्तरेचा उतार बघून बायकोने स्वतःहून फोटो काढला. म्हणजे मत बदललं, पंप उत्तम.

पण ट्रिगर! आत करंगळीएवढी स्प्रिंग, हायपोने गंजून तुकडे झाले, रबरी वायसर चिकट. धुतला नाही म्हणाल तर प्रत्येक वेळी भरपूर पाण्याने धुतलाय. सुट्टी स्प्रिंग मिळत नाही, ट्रिगर-लान्स पूर्ण सेट घ्या म्हणे, साडेतीनशे! स्प्रिंगची किंमत दोन रुपये नसेल. सगळा पंप प्लास्टिकचा बनवला तर ही एकच वस्तू लोखंडी घालायची बुद्धी कुणाला सुचली? मी हट्टाने सेट घेतला नाही. ठिबक सिंचनाचा प्लास्टिकचा कॉक, जाड-बारीक नळ्या जोडायचा एक रिड्युसर आणि दोन क्लिपा, साठ रुपयांत काम झालं. पंपाचा जोर कमी-जास्त करायचा रेग्युलेटर अर्ध्यावर ठेवायचा, नाहीतर नळी उडते आणि तोंडावर हायपो. ट्रिगरसारखं दाबा-सोडा होत नाही, कॉक फिरवावा लागतो, पण गंजायला आत काही नाही.

आता आढ्याखाली तांब्याची तार ताणायचा विचार आहे, जुन्या वायरिंगमधली पडलीये घरात. पावसात तिच्यावरून उतरणारं पाणी शेवाळ धरू देत नाही. फक्त पन्हळ जस्ताच्या पत्र्याची असेल तर हे करू नका, तांब्याचं पाणी जस्त खातं. आमची पीव्हीसीची आहे.