सायकलच्या हँडलवर काय बांधायचं: ड्रायबॅग की क्लिपवाली बॅग?

पुण्याहून पवनेच्या काठी एक मुक्काम टाकून परत यायचं, तर पुढे लादायला स्लीपिंग बॅग आणि एखादं जर्किन, एवढंच असतं. हलकं पण फुगीर सामान. त्यासाठी माझं मत सरळ ड्रायबॅगला, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीला: आठ-दहा लिटरची, सोबत बकलवाले दोन पट्टे. तोंड तीन वेळा गुंडाळून बकल लावलं की पावसाची सर आली तरी आतलं कोरडं. एरवी ट्रेकलाही तीच चालते.

खोड आहे ती बांधणीत. गुळगुळीत नळीवर पट्टा सरकतो आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर पिशवी हळूहळू खाली लोंबत चाकाला टेकते. हँडलला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पट्टा त्यावरून घ्या, मग सरकायची भानगड नाही. ब्रेक-गिअरच्या केबल पिशवीमागे चेपल्या जात नाहीत ना, हे हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. ड्रॉप हँडल (टोकं खाली वळलेलं) असेल तर रुंदीही मोजा, नाहीतर बोटं ब्रेकपर्यंत पोचायची नाहीत.

क्लिपवाली चौकोनी बॅग महाग पडते, पण चहाला थांबलात की चेन उघडून पाकीट, चिक्की, मोबाइल हाताशी. टपरीवर झटक्यात काढून सोबतही नेता येते. मात्र जाड स्लीपिंग बॅग तिच्यात कोंबायची म्हणजे बाकी सगळं बाहेर. स्वस्तातली घेतलीत तर शिवणीतून पाणी झिरपतं. आत प्लॅस्टिकची पिशवी लागतेच. कॅमेरा घेऊन निघणाऱ्याने तरीही हीच घ्यावी. पुढचा दिवा दोन्हींमुळे झाकला जातो, तो फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर बसवा.