कंपासपेटी: काही महिने वापरल्यानंतर

मुलांना घरी भूमिती शिकवायला घेतली तेव्हा ही पेटी आणली. आत नेहमीचंच सामान: कंपास, कर्कटक, कोनमापक, दोन गुण्ये आणि पट्टी. इतके महिने वापरल्यावर माझं ठाम मत झालंय की पेटी घेताना आधी कंपास बघावा, बाकीचं नंतर.

या कंपासाचा सांधा अजून घट्ट आहे. सांधा ढिला असला की फिरवता फिरवता पाय फाकतात आणि वर्तुळ सुरुवातीच्या जागी मिळतच नाही. तपासायचं असेल तर एक वर्तुळ काढा आणि त्रिज्या न बदलता परिघावर एकापुढे एक सहा खुणा करा. सहावी खूण पहिल्या बिंदूवर बसली की कंपास चांगला. खुणा जोडल्या की सुसम षटकोन, एकाआड एक जोडल्या की समभुज त्रिकोण, तोही कोनमापकाला हात न लावता!

त्रिकोण ओळखण्यातही कंपासच जास्त कामाला आला. समद्विभुज की विषमभुज हे कर्कटकाने लगेच कळतं, एका बाजूवरचं अंतर उचलून दुसरीवर ठेवायचं. खरी अडचण कोनांची. ५, ६ आणि ८ सेंमी बाजूंचा त्रिकोण काढून बघा. डोळ्यांना तो काटकोनच वाटतो, आणि कोनमापक जरा सरकला तर तोही ९० दाखवतो. आता ८ सेंमीच्या बाजूचा लंबदुभाजक काढा, मध्यबिंदूवर टोक रोवून ४ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. समोरचा शिरोबिंदू वर्तुळाच्या जेमतेम दोन मिलिमीटर आत पडतो. आत म्हणजे विशालकोन, वर्तुळावर म्हणजे काटकोन, बाहेर म्हणजे लघुकोन. मग हिशेबाने पडताळा: २५ आणि ३६ मिळून ६१, आणि ८ चा वर्ग ६४. मोठ्या बाजूचा वर्ग जास्त, म्हणजे कोन ९० च्या वर, साधारण ९३ अंश. दोन मिलिमीटरचा फरक कागदावर स्पष्ट दिसतो, म्हणून पेन्सिलीचं टोक बारीक हवं. कंपासात पेन्सिल बसवायची खोबण मात्र अरुंद आहे, जाड पेन्सिल जातच नाही.

गुण्यांबद्दल तक्रार आहे. ३०-६०चा बरोबर आहे, ४५चा नाही. रेषेवरच्या एका बिंदूतून लंब काढला, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा काढला, तर दोन रेषांमध्ये बारीक फट राहिली. या पद्धतीत चूक दुप्पट होऊन दिसते, त्यामुळे लपत नाही. नवा गुण्या आणला की हे पहिल्याच दिवशी करून बघा. तोवर आम्ही लंब कंपासानेच काढतो.

कोनमापकावरचे आकडे पुसट होऊ लागलेत. पट्टी ठीक आहे, फक्त शून्याची खूण कडेपासून थोडी आत आहे, मोजताना ते मुलांना सांगावं लागतं.

कंपास हातात खेळू लागला की मुलं पुढचं विचारतातच: कोनाचे दोन भाग होतात, मग तीन का नाहीत? ९० अंशांचे होतात, ६० चे होत नाहीत. प्रत्येक कोनाचे तीन समान भाग नुसत्या कंपास-पट्टीने करता येतीलच असं नाही, हे फ्रेंच गणिती पिएर वान्त्सेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केलं. हे सांगूनही आमच्याकडे ६० चे तीन भाग करायचे प्रयत्न चालूच आहेत, आणि मी ते थांबवत नाही.