मालिश शिकायचं तर कुणाकडे? दाई, पंचकर्म, स्पा आणि फिजिओ

कापूस वेचणी सुरू झाली की आमच्या दवाखान्यात कंबर-मान धरलेल्या बायांची रीघ लागते. त्यांच्यासोबत आलेल्या पोरी बाहेरच्या बाकावर बसून राहतात आणि निघताना हळूच विचारतात, "ताई, हे तुम्ही कुठं शिकल्या? मले जमंन का?" जमतं. पण कुठं शिकावं, याचं उत्तर प्रत्येकीसाठी वेगळं असतं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. मी आधी आजीजवळ शिकले, मग आयुर्वेदातल्या पंचकर्माचा अभ्यासक्रम केला आणि आता यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हेच काम करते. माझ्या एका मैत्रिणीनं स्पाचा कोर्स केला, दुसरी फिजिओ, म्हणजे फिजिओथेरपिस्ट झाली. दोघींचं काम मी जवळून पाहिलं आहे.

आजी गावची दाई. बाळंतीण, तान्हं लेकरू, लचकलेला पाय, सगळं तिच्याकडे यायचं. तिनं सुरुवातीला कित्येक दिवस मला फक्त तेल कोमट करायला बसवलं. मग बाईच्या पाठीवर माझा तळवा ठेवायची, वर स्वतःचा ठेवायची आणि विचारायची, "गाठ लागली का हाताले? नाही? मंग थांब, दाबू नोको." बोटांना दिसायला लागणं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. पुढं पुस्तकातून स्नायूंची नावं शिकले तेव्हा त्यातले बरेच माझ्या हाताच्या ओळखीचे निघाले.

पण दाईजवळ 'का' मिळत नाही. आणि काही सवयी चुकीच्या असतात, हे आजीवर जीव असूनही लिहायला हवं. ती बाळाच्या नाका-कानात तेल सोडायची. नाकातलं तेल श्वासनळीतून फुफ्फुसात गेलं तर बाळाला न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून डॉक्टर ते कधीच करू नका म्हणतात. ही एक गोष्ट आजीच्या गळी उतरवायला मला दोन वर्षं लागली. शिवाय दाईच्या हाताखाली शिकलेलीला कागद मिळत नाही. मोबदल्यात लुगडं, पायलीभर ज्वारी, कधी शंभराची नोट. मायेनं मिळतं, पण त्यावर घर चालत नाही.

पंचकर्म टेक्निशियनचा अभ्यासक्रम साधारण वर्षाचा असतो. छोटे कोर्सही निघाले आहेत, पण ज्या संस्थेला स्वतःचं रुग्णालय जोडलेलं आहे तीच निवडा. नागपुरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सालोडला आयुर्वेदाचं मोठं रुग्णालय आहे. तिथं जाऊन पंचकर्म विभाग डोळ्यांनी पाहून या, म्हणजे तुमच्या गावाजवळच्या संस्थेत काय कमी आहे ते कळेल.

इथं हाडं, सांधे, स्नायू, रक्ताभिसरण यांपासून सुरुवात होते. सोबत वात-पित्त-कफ. मग स्नेहन म्हणजे तेल जिरवणं आणि स्वेदन म्हणजे शेक-वाफ. अभ्यंग म्हणजे सगळ्या अंगाची तेल-मालिश द्रोणीवर, म्हणजे मालिशच्या टेबलावर, दोघी मिळून करतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोघींचा हात एका लयीत पडावा लागतो. हातापायांवर लांब, सांध्यांवर गोल, पोटावर हलका. आम्ही आठवडे न् आठवडे एकमेकींवरच सराव केला. ज्या दिवशी माझी जोडीदारीण द्रोणीवर झोपी गेली, त्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, उद्यापासून रुग्ण घे.

शिरोधारेत तेलाची धार कपाळापासून चार अंगुळं वरून सोडतात. भांडं जास्त वर गेलं तर धार टोचते, खाली आलं तर तेल पसरतं. मधेच थंड झालेलं तेल बदलायला दुसरी बाई हवीच. पत्रपोटलीसाठी, म्हणजे शेकायच्या पानांच्या पुरचुंडीसाठी, लागणारी निर्गुडी, एरंड, रुईची पानं आपल्याकडे शेताच्या धुऱ्यावर फुकट मिळतात. पानं चिरायची, खोबरं-लिंबासोबत तेलात परतायची, फडक्यात गच्च बांधायची आणि रुग्णाला लावण्याआधी स्वतःच्या हाताच्या मागच्या बाजूला टेकवून पाहायची. जुन्या मधुमेहाच्या माणसाला पावलाला चटका बसलेलाही अनेकदा कळत नाही, त्यामुळे त्याच्या 'बरं वाटते' वर कधीच विसंबायचं नाही. वमन (उलटी), विरेचन (जुलाब), बस्ती (एनिमा) कुणाला द्यायचं ते वैद्य ठरवतात. आपण तयारी करतो, रुग्णाजवळ थांबतो, नाडी आणि बीपी लिहून ठेवतो.

मला सर्वांत मोलाची वाटते ती हात कधी लावायचा नाही याची शिकवण. शिकत असताना एक म्हातारे बाबा आले, पाय भरून आला म्हणाले. मी तेल घेतलंही होतं. मॅडमनी माझं मनगट धरलं आणि दोन्ही पोटऱ्यांवर एकदम हात ठेवायला लावले. एक थंड, एक गरम. गरम पोटरी सुजून टणक झाली होती. शिरेत रक्ताची गुठळी असेल आणि आपण चोळलं, तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते आणि माणूस जागीच जाऊ शकतो. बाबांना तसंच मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तपासणीत गुठळीच निघाली. आजही पायाची मालिश करण्याआधी मी दोन्ही पोटऱ्या हातांनी तपासते.

विदर्भात काम करणार असाल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दलही शिकून घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूरकडे बऱ्याच घरांत हा आजार सापडतो. थंडी, ताप, कमी पाणी यांनी दुखणं उसळतं, हाडं-सांधे फुटल्यासारखे होतात, आणि घरचे 'वात आला, चोळून दे' म्हणतात. अशा वेळी जोरात चोळणं किंवा बर्फ लावणं घातक आहे. लहान वयात वारंवार सांधे दुखतात असं कुणी सांगितलं, तर आधी तपासणीबद्दल विचारायचं.

स्पा थेरपिस्टचा कोर्स काही महिन्यांत होतो. सरकारी कौशल्य योजनेत 'असिस्टंट स्पा थेरपिस्ट' आणि 'स्पा थेरपिस्ट' असे दोन टप्पे आहेत. त्यात स्वीडिश पद्धत शिकवतात: लांब सरकता हात, मळणं, घासणं, थापट्या, कंपन. चादर अशी टाकायची की जेवढ्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा राहील, हे तिथं इतकं पक्कं करून घेतात की मी ते मैत्रिणीकडून शिकून दवाखान्यात सुरू केलं. स्वच्छता आणि पाहुण्यांशी बोलणंही चांगलं शिकवतात. आजाराचं शिक्षण मात्र तोकडं असतं. नोकरी पटकन लागते, नागपुरात किंवा ताडोब्याच्या रिसॉर्टमध्ये. पण पावसाळ्यात ताडोब्याचा गाभा बंद असतो, गिऱ्हाईक ओसरतं, त्या तीन महिन्यांचा पगार कसा मिळणार ते आधीच विचारा. आणि पोरींनो, बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष असा नियम तिथं पाळतात का, हे तोंडावर विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर परत फिरा, पगार कितीही असो.

एका संस्थेनं माझ्या चुलत बहिणीकडून फी भरून घेतली, मोबाइलवर व्हिडिओ दाखवले आणि पंधरा दिवसांत सर्टिफिकेट हातात दिलं. तिनं एकाही माणसाला हात लावला नव्हता. म्हणून फी विचारण्याआधी हे विचारा: किती रुग्णांवर काम करायला मिळेल, आणि तेव्हा शेजारी कोण उभं राहील?

फिजिओची वाट वेगळीच आहे. बारावी सायन्सला बायोलॉजी हवी, 'नीट' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, पदवीला सहा महिन्यांची इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं लागत आली आहेत. त्यात मालिश हा लहानसा तुकडा. लकव्यानंतर चालायला शिकवणं, मोडलेल्या हाताची हालचाल परत आणणं, व्यायाम, विजेची यंत्रं, हे मुख्य. मार्क असतील आणि घर तेवढी वर्षं थांबू शकत असेल तर बाकी काही पाहू नका, हेच करा.

एक गोष्ट सगळ्याच ठिकाणी नीट शिकून घ्या, स्वतःचं शरीर वाचवणं. दाब कायम अंगठ्यानंच दिला तर काही वर्षांत अंगठा दुखावतो. कोपर सरळ ठेवून अंगाचं वजन झुकवायचं, टेबल हात खाली सोडल्यावर मुठीला लागेल एवढं उंच ठेवायचं. आजी आयुष्यभर जमिनीवर बसून वाकून करायची. शेवटी तिची कंबर मीच चोळली.

घरचे म्हणतात, लोकांचं अंग चोळायचं का आता? माझे बाबाही म्हणाले होते. कुष्ठरोगी म्हणून ज्यांना लोकांनी दूर केलं, त्या परचुरे शास्त्रींना सेवाग्रामात गांधीजी स्वतः मालिश करायचे, आणि सेवाग्राम इथून काही तासांवर आहे, एवढंच मी त्यांना सांगितलं.

परवा विचारणारी पोरगी बारावी आर्ट्स झालेली आहे, माय अंथरुणाला आहे, तालुका सोडून जाता येत नाही. तिला मी पंचकर्मच सुचवलं. प्रवेशाला अजून वेळ आहे, तोवर नखं कापून सोमवारी दहाला दवाखान्यात ये म्हटलं, आधी तेल कोमट करायला शिकवते.