पावसाळ्याची बेगमी: समुद्राचा जवळा की मामा तलावाचे झिंगे?

मृग लागण्यापूर्वी सुकी मासळी भरून ठेवायची म्हटले, की भंडारा-गोंदियाकडच्या आठवडी बाजारात निवड करावी लागते ती बहुधा दोन ढिगांतून: एक किनाऱ्यावरून आलेला जवळा आणि दुसरे आपल्याच मामा (माजी मालगुजारी) तलावांतले, ढिवर या मासेमार समाजातल्या बायांनी वाळवून आणलेले झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातली कोळंबी. आमच्या घरी दोन्ही खाल्ले जातात, त्यामुळे पुढचे मत घरच्या अनुभवावरचे आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

जवळा म्हणजे कोळंबीची पिल्ले असा समज आपल्याकडे आहे, पण तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात थव्याने राहणारा वेगळाच जीव असून पूर्ण वाढूनही सहसा ४ सेंटिमीटरच्या आतच राहतो. म्हणूनच त्याचे कवच इतके नाजूक असते, की सोलण्याचे काम उरत नाही. कांदा, लसूण आणि तिखटावर परतला की ज्वारीच्या भाकरीबरोबर चटणी तयार होते. तो झिंग्यांहून स्वस्तही पडतो. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा घ्यायचा तर उन्हाळ्यातच घ्यावा.

माझी अडचण आहे ती वाळूची. किनाऱ्यावर जवळा पुष्कळदा थेट वाळूवर पसरून वाळवतात, आणि तो इतका बारीक असतो की त्याच्या मिशा-पायांत अडकलेले कण सुपात कितीही पाखडले तरी पूर्ण निघत नाहीत. धुवावा तर वाळू तळाशी बसते खरी, परंतु त्या पाण्याबरोबर त्याचा खारेपणा आणि वासही जातो, आणि मऊ पडलेला जवळा तव्यावर पुन्हा तसा कुरकुरीत होत नाही. न धुता केला, तर चांगल्या जमलेल्या चटणीत दुसऱ्याच घासाला दाताखाली कचकन येते आणि ताटावरच्या म्हाताऱ्या माणसांचा हात थांबतो. मला हे फार लागते.

झिंग्यांनाही कष्ट आहेतच. डोक्यावरचा करवतीसारखा काटा आणि लांब मिशा मोडून काढाव्या लागतात, आणि नीट न वाळलेला माल पावसाळ्यात लवकर कुबट होतो. मात्र हे काम एकदा बसून केले की संपते. वांग्यात किंवा आंबाडीच्या भाजीत घातलेले झिंगे रश्शाला गोडसर चव देतात आणि घास निर्धास्तपणे चावता येतो. शिवाय ते कुठल्या तलावाचे आणि कधी वाळवले, हे विकणाऱ्या बाईलाच विचारता येते.

केवळ चटणीसाठी आणि कमी पैशांत हवे असेल, तर जवळा घेण्यात काही वावगे नाही. घेताना मूठभर जवळा पांढऱ्या कागदावर चोळून पाहावा. कागदावर करकरीत कण उरले, तर तो ढीग सोडून द्यावा. चटईवर किंवा ओट्यावर वाळवलेला स्वच्छ जवळा मिळाला, तर मीही तो आनंदाने घेतो. तोवर आमच्या डब्यात मोठा वाटा झिंग्यांचाच राहील.